‘गटात न बसणारं पद ओळखा’: मुलाचं उत्तर चुकतं की बघण्याची रीत वेगळी असते?

अंबाझरी (धागाकर्ती)
शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात, १०० गुणांचे. त्यात ‘गटात न बसणारं पद’ हा प्रकार ठरलेला. आपल्या भागातल्या वस्तू घेऊन सरावाचा एक प्रश्न असा करता येतो: नांगर, वखर, तिफण, बैल. उत्तरसूचीप्रमाणे उत्तर ‘बैल’, कारण तो सजीव आणि बाकीची अवजारं.

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड, कुही, भिवापूर पट्ट्यातल्या शेतकरी घरांतली मुलं इथे दुसरीच उत्तरं देतात. कुणी तिफण बाहेर काढतं: नांगर-वखर जमीन तयार करायला, तिफण पेरायला, आणि बैल तर सगळ्यांनाच लागतो. कुणी म्हणतं, यातलं काहीच बाहेर काढता येत नाही, एक काढलं की काम अडेल.

या उत्तरांवर लाल रेघ मारणं अन्यायाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. पण परीक्षेत पर्याय एकच बरोबर धरतात, हेही खरं. म्हणून दोन प्रश्न. शाळा मुलाच्या बघण्यात नेमकं काय बदलते? आणि घरची नजर शाबूत ठेवून शाळेची नजर शिकवायची कशी? वर्गात शिकवणाऱ्यांनी आणि या विषयाचा अभ्यास असणाऱ्यांनी सविस्तर लिहावं.

तर्रीपोहे
पोट्टे बरोबरच म्हणून रायले ना! बैल काढून टाकला त मंग वखर काय मास्तर ओढन का?

कळमना
ताई, तुमचा प्रश्न जवळजवळ याच रूपात १९३१-३२ साली उझबेकिस्तानात विचारला गेला होता. अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ तिथल्या खेड्यांत गेला. सामूहिक शेती नुकतीच आली होती, साक्षरता वर्ग सुरू होत होते. त्यामुळे शाळा न पाहिलेले शेतकरी आणि थोडंफार शिकलेले लोक एकाच गावात भेटत होते. त्याने चित्रं दाखवली: हातोडा, करवत, कुऱ्हाड, लाकडाचा ओंडका. निरक्षर शेतकऱ्यांनी ओंडका बाहेर काढायला नकार दिला. करवत कापते, कुऱ्हाड फोडते, पण ओंडकाच नसेल तर कापायचं काय? एक-दोन वर्षं शिकलेल्यांनी बहुतेक वेळा अवजारं एका बाजूला केली.

आकृत्यांचंही तसंच. वर्तुळाला शिकलेले लोक ‘वर्तुळ’ म्हणायचे, न शिकलेले ताट किंवा चंद्र.

सगळ्यांत गाजला तो अस्वलांचा प्रश्न. ‘उत्तरेकडे जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या उत्तरेकडे आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची?’ उत्तर यायचं: मी तिथे गेलेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा. या माणसांना तर्क येत नव्हता असं नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल छातीठोक बोलणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटत होतं. शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून हेच शिकतो आपण: दिलेलं वाक्य खरं धरायचं, आपल्याला काय माहीत आहे ते बाजूला ठेवायचं आणि फक्त त्या वाक्यातून उत्तर काढायचं. ‘एका शेतकऱ्याकडे ५० गाई आहेत’ म्हटल्यावर ‘एवढा चारा कुठून आणतो’ असं विचारलेलं वर्गात चालत नाही.

महालकर
कळमनाभाऊ, माहिती उत्तम. पण या धाग्याचा सूर मला थोडा काळजीचा वाटतो. ‘मुलाचं उत्तरही बरोबर’ म्हणून थांबलं तर नुकसान त्याच मुलाचं होतं. सजीव-निर्जीव, पृष्ठवंशीय-अपृष्ठवंशीय, आम्ल-अल्कली ही वर्गवारी पुढच्या विज्ञानाचा पाया आहे. शहरातल्या शिकलेल्या घरांत ती जेवणाच्या ताटावर बसल्याबसल्या मिळते. शेतमजुराच्या मुलाला ती देण्याचं काम फक्त शाळा करू शकते. ती किल्ली त्याच्या हातात पडलीच पाहिजे.

जेम्स फ्लिन या अभ्यासकाने बुद्ध्यंकाच्या चाचण्यांचे जुने आकडे तपासले. अनेक देशांत सरासरी दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेल्याचं त्यात दिसलं. माणसाचा मेंदू तर दोन पिढ्यांत बदलत नाही. मग वाढ कशाची? ‘कुत्रा आणि ससा यांच्यात साम्य काय?’ याला शंभर वर्षांपूर्वीचं सहज उत्तर होतं, कुत्र्याच्या मदतीने ससा पकडतात. आजचं उत्तर, दोघंही सस्तन प्राणी. फ्लिन याला विज्ञानाचा चष्मा म्हणत असे. तो चष्मा शाळेने चढवला आणि त्याचा उपयोग आहे.

कळमना
महालकर सर, किल्ली द्यायलाच हवी, यात दुमत नाही. मुलाकडे ती मुळीच नाही असं धरून मात्र सुरुवात करू नये. लायबेरियातल्या क्पेले लोकांबरोबर मायकल कोल आणि सहकाऱ्यांनी काम केलं, ते १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे अन्न, भांडी, अवजारं, कपडे अशा २० वस्तू समोर ठेवून ‘जे एकत्र जातं ते एकत्र ठेवा’ असं सांगत. माणसं सुरीबरोबर संत्रं ठेवत, कारण सुरीने संत्रं कापतात. शहाणा माणूस असंच लावेल, असं ते म्हणत. शेवटी संशोधकाने विचारलं, मूर्ख माणूस कसं लावेल? लगेच अन्न एका ढिगात, अवजारं दुसऱ्या ढिगात. म्हणजे दोन्ही पद्धती येत होत्या. कोणती शहाणपणाची, हे त्यांच्या संस्कृतीने ठरवलं होतं.

याच लोकांना भांड्यातला तांदूळ दाखवून ‘किती मापं होतील’ विचारलं, तेव्हा त्यांचे अंदाज अमेरिकन प्रौढांपेक्षा पुष्कळ अचूक आले. आपल्याकडे पायलीने धान्य मोजलेल्या बायकांना हे सांगावं लागणार नाही.

अंबाझरी
‘मूर्ख माणूस कसं लावेल’ हा प्रश्न वर्गात विचारता येणार नाही, पण ‘आणखी कशा रीतीने लावता येईल’ असं नक्की विचारता येईल. महालकर सर, तुम्ही किल्ली म्हणता ती द्यायची पायरी-पायरीने कशी?

महालकर
सहा-सात तासिका लागतात. घाई केली तर मुलं युक्ती पाठ करतात आणि नवा प्रश्न आला की अडतात.

आधी कागद नकोच. १२ ते १५ खऱ्या वस्तू घ्या: विळा, खुरपं, भाकरी, कांदा, दोरी, घागर, चिंचोके, पाटी, असं काहीही. मुलाला हवे तसे ढीग करू द्या आणि प्रत्येक ढिगाला एक वाक्य म्हणायला लावा, ‘हे एकत्र, कारण…’ कोणतंही कारण नाकारायचं नाही. मग त्याच वस्तू मोडून वेगळ्या कारणाने लावायच्या. तिसऱ्यांदा पुन्हा. त्याच वस्तूंचे तीन वेगळे ढीग होऊ शकतात हे मुलाच्या हाताला कळलं की अर्धं काम झालं.

त्यानंतर कारणांना नावं द्या. ‘कामाने जोडलेले’ (एकाच कामात बरोबर लागणारे) आणि ‘जातीने जोडलेले’ (एकाच प्रकारचे) एवढी दोन पुरतात. मुलांना ती फार लवकर समजतात. कागदावरचे चार शब्द यानंतर आणायचे आणि प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं काढून घ्यायची, एक कामाचं, एक जातीचं. अगदी शेवटच्या तासिकेत सांगायचं, की या परीक्षेला जातीचं उत्तर हवं असतं.

बिघडतं कुठे? शिक्षक पहिल्याच दिवशी ‘सजीव-निर्जीव बघा’ म्हणून सूत्र देतात. मग ‘आंबा, पेरू, बटाटा, चिकू’ आला की मूल सजीव-निर्जीव शोधत बसतं. दुसरी अडचण प्रश्न काढणाऱ्याची. ताईंच्या प्रश्नात ‘तिफण’ हे उत्तर जातीच्या नियमानेही टिकतं: मशागतीची अवजारं दोन, पेरणीचं एक. बैल वेगळा काढायला एक नियम, तिफण वेगळी काढायला दुसरा. दोन उत्तरं निघत असतील तर प्रश्नच सदोष. तिफणीच्या जागी डवरा घातला तर तो पुष्कळ सुधारतो, कारण नांगर, वखर, डवरा तिन्ही मातीत चालतात आणि पेरणीचा मुद्दा उरत नाही.

भिवापुरी
डवऱ्याचाही वाद होईल बरं का सर. नांगर-वखर पेरणीआधी, डवरा उभ्या पिकाच्या दोन ओळींत तण काढायला. शेतकऱ्याचं पोरगं डवरा बाहेर काढेल.

महालकर
हा मुद्दा मान्यच करावा लागेल. मग प्रश्नाखाली ‘कारण लिहा’ अशी एक ओळ आणि कारणाला निम्मे गुण, हाच मार्ग. वर्गातल्या चाचणीत ते आपल्या हातात असतं.

वैनगंगा
बघण्याइतकंच विचारण्याचंही आहे. शिक्षक विचारतात, ‘हा रंग कोणता?’ शिक्षकांना उत्तर माहीत असतं. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने प्रश्न विचारायचा, ही रीत मुळात शाळेची. शिकलेल्या घरांत आई-वडील दोन वर्षांच्या बाळालाही असे प्रश्न विचारतात, ‘माऊ कशी करते?’ कित्येक घरांत मोठी माणसं मुलाला फक्त खरे प्रश्न विचारतात: गाय कुठे गेली, पाणी भरलं का. शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेच्या कॅरोलायना भागातल्या गावांत वर्षानुवर्षं राहून हा फरक नोंदवला, १९८३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. घरी असे प्रश्न न ऐकलेली मुलं शाळेत गप्प बसत आणि शिक्षकांना ती मंद वाटत. शिक्षकांनी ‘हे काय आहे’ऐवजी ‘असं आणखी काय पाहिलंस’, ‘तिथे काय चाललंय’ असं विचारायला सुरुवात केली, तेव्हा तीच मुलं भरभरून बोलू लागली.

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडे घरची भाषा माडिया आणि वर्गाची मराठी असते, तिथे ही अडचण दुप्पट होते. मूल गप्प आहे ते भाषेमुळे की प्रश्नाच्या रीतीमुळे, हे आधी वेगळं करायला हवं. सोपी चाचणी: तोच प्रश्न त्याच्या भाषेत विचारून बघा. तरीही गप्प असेल तर प्रश्नाची रीत बदला.

अजून एक. ग्वाटेमालातल्या माया कुटुंबांत मुलं शेजारी चाललेलं काम बघून शिकतात. बार्बरा रोगॉफ आणि मारिसेला कोरिया-चावेझ यांनी एका भावंडाला खेळणं बनवायला शिकवलं, दुसऱ्याला नुसतं बाजूला बसवलं. नंतर बाजूच्या मुलाला तेच खेळणं करायला दिलं. परंपरेत वाढलेली माया मुलं बाजूला बसूनही लक्ष देत होती आणि त्यांना मदत कमी लागली. आई बरीच शिकलेली असेल तर मुलाचं हे लक्ष कमी भरलं. म्हणजे शाळेचा परिणाम पुढच्या पिढीच्या लक्षावरही होतो. बाजूला बसून शिकण्याची ही ताकद आपल्या वर्गात वाया जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

झिरोमाईल
विषय थोडा वळवतो, दिशांकडे. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस पांदण. तिथे डावं-उजवं चालत नाही, कारण डावं-उजवं बघणाऱ्याबरोबर फिरतं. शेतात वावरणारी माणसं घरातही ‘तो उत्तरेकडचा डबा दे’ असं सहज म्हणतात. शहरात डावं-उजवं.

रमेश मिश्र आणि पिएर दासेन यांनी वाराणसी, नेपाळ आणि बाली इथे मुलांवर यासाठी बरंच काम केलं. वाराणसीत एकाच शहरात दोन प्रकारच्या शाळा घेतल्या. संस्कृत पाठशाळेतली मुलं दिशांच्या भाषेत आणि दिशांच्या हिशेबाने विचार करण्यात हिंदी शाळेतल्या मुलांच्या पुढे होती. तिथे पूजा, पठण, बसणं सगळंच दिशा पाहून चालतं. शहर तेच, शाळा वेगळी, नजर वेगळी.

प्रयोग वर्गात करता येतो. दोन टेबलं समोरासमोर, मधे चार-पाच पावलं. पहिल्यावर तीन खेळण्यातले प्राणी एका ओळीत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. मुलाला सांगा, ‘नीट बघून ठेव.’ झाका. अर्धा मिनिट थांबा. मग मुलाला पूर्ण वळवून दुसऱ्या टेबलाशी न्या आणि म्हणा, ‘तसंच मांड.’ प्राण्यांची तोंडं मुलाच्या त्याच हाताकडे राहिली तर ते स्वतःच्या अंगावरून मोजतंय. तोंडं त्याच खिडकीकडे, म्हणजे त्याच दिशेला राहिली तर बाहेरच्या जगावरून.

सूचनेत ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ किंवा ‘पूर्वेकडे’ यातला एकही शब्द आला की प्रयोग वाया गेला. एका फेरीवर काही ठरवू नका, निदान पाच फेऱ्या घ्या आणि ओळीची बाजू बदलत राहा. ‘तसंच म्हणजे कसं’ असं मुलाने विचारलं तर ‘तुला वाटतं तसं’ एवढंच.

तर्रीपोहे
मले त पत्ता सांगताना ना पूर्व कळते ना उजवं. बर्डीवरून सरळ जा, मंग पोह्याचा ठेला लागते, तिथून कोनालेबी इचारा!

झिरोमाईल
तर्रीपोहे भाऊ, हीसुद्धा तिसरी पद्धत आहे, खुणांवरून वाट सांगण्याची. शहरात तीच जास्त चालते. ‘राम उत्तरेकडे तोंड करून उभा आहे, उजवीकडे वळला, मग पुन्हा उजवीकडे’ या परीक्षेतल्या प्रश्नाला मात्र दिशा आणि अंग दोन्ही एकत्र बांधावे लागतात, म्हणून तो जड जातो. वर्गाच्या जमिनीवर खडूने चार दिशा काढून मुलाला खरंच वळायला लावा, कागद त्यानंतर.

इतवारी
रेषांचा भ्रम कुणीच काढला नाही अजून. दोन सारख्या रेघा. एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. दुसरी लांब दिसते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी हा भ्रम १८९८ च्या मोहिमेत टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर आणि नंतर नीलगिरीतल्या तोडा लोकांत तपासला. दोन्हीकडे तो इंग्रजांपेक्षा कमी भरला. १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी अनेक समाजांतली मोजणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या प्रौढ विद्यार्थ्यांना दोन्ही रेघा सारख्या वाटायला एक रेघ सुमारे पाचव्या भागाने लांब करावी लागली. कालाहारीतल्या सॅन लोकांना हा भ्रम जवळपास झालाच नाही. त्यांनी कारण दिलं ते सुतारकामाच्या जगाचं: चौकोनी खोल्या, सरळ कोपरे, पेट्या. काटकोनांत वाढलेला डोळा रेघेच्या टोकाला कोपरा समजतो.

करून पाहायचं तर जाड कागदाचं पाकीट घ्या. पाकिटावर आत वळलेल्या बाणांची १० सेंटीमीटरची रेघ, आतून सरकणाऱ्या पट्टीवर पुढची रेघ आणि फाकलेला बाण. मुलाने पट्टी सरकवून दोन्ही भाग सारखे करायचे, मागच्या बाजूच्या मोजपट्टीवर फरक वाचायचा. १० मोजण्या घ्या, ५ लांबून आत आणत आणि ५ आखूडपासून बाहेर काढत. एकाच बाजूने घेतल्या तर आकडा खोटा येतो.

पेंच
इतवारीजी, मोजणीची रीत छान दिलीत. सुतारकामाच्या कारणावर मात्र आता फार भिस्त ठेवता येत नाही. पुरावा भारतातलाच आहे. पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पात जन्मतः मोतीबिंदूमुळे अंध असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. २०१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की दृष्टी मिळाल्यावर लगेचच या मुलांना हा रेषांचा भ्रम झाला. ज्यांनी खोलीचा कोपरा कधी पाहिलाच नव्हता, त्यांना कोपऱ्यांची सवय कुठून लागणार? काही प्राण्यांतही हा भ्रम आढळतो. डोर्सा अमीर आणि चॅझ फायरस्टोन यांनी २०२५ मध्ये हा सगळा पुरावा एकत्र करून सांगितलं, की हा भ्रम संस्कृतीतून येत नाही.

म्हणून डोळ्याला प्रत्यक्ष काय दिसतं आणि दिसलेल्याचं आपण काय करतो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. गट पाडणं, दिशा सांगणं, हिशेब करणं हे सगळं दुसऱ्यातलं आहे. तिथे शाळा आणि संस्कृतीचा हात स्पष्ट दिसतो.

दिडकी
हिशेबाचं निघालंच आहे तर. पूर्वी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ व्हायची. औट म्हणजे साडेतीन. ३५ रुपये किलोचे साडेतीन किलो वांगे: पस्तीस त्रिक एकशे पाच, त्यात निम्मे साडेसतरा, एकशे साडेबावीस. भाजीवाली हे तराजू खाली ठेवायच्या आत सांगते. शाळेतलं मूल ३५ × ३.५ मांडतं, दशांश चिन्ह चुकतं आणि १२२५ लिहून मोकळं होतं. आकडा अशक्य आहे हे त्याला जाणवत नाही, कारण कागदावरच्या आकड्यामागे वांगे उरलेले नसतात.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विकताना केलेले ९८ टक्के हिशेब बरोबर. तसलीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के. ३५ चा एक नारळ, तर १० नारळांचे किती? मुलगा तीन नारळांचे १०५ धरून तीनदा मिळवतो आणि वर ३५ घालतो. शाळेने शिकवलेला ‘पुढे शून्य द्या’ हा नियम तो वापरत नाही. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या सुमारे १,४०० मुलांवर असंच काम प्रसिद्ध केलं. बाजारातला हिशेब येणाऱ्यांना शाळेचं गणित अडलं. उलट बाजूने, शाळेत गणित करणारी मुलं बाजाराच्या हिशेबात अडखळली. एका बाजूचं कौशल्य दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही. पूल शिक्षकाने बांधायचा असतो.

सोनेगाव
दिडकीताई, संख्यावाचनाच्या वादाबद्दलही लिहा ना. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ आलं, तेव्हा महाराष्ट्रभर टीका झाली होती.

दिडकी
हो. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं असं, की मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. शिवाय एकोणतीससारख्या शब्दांत पुढच्या दशकातून एक वजा. कानडी-तेलुगूत बोलणं आणि लिहिणं एकाच क्रमाने चालतं. जर्मन भाषेतही आपल्यासारखा उलटा क्रम आहे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांनी ऐकून लिहिलेल्या आकड्यांतल्या जवळपास निम्म्या चुका या उलटेपणातून आल्या होत्या. म्हणजे अडचण खरी आहे. जुनी रीत सोडायलाच हवी, असं मात्र मला वाटत नाही. दशकाचे जुडगे (दहा काड्या रबराने बांधून) आणि सुट्या काड्या हातात देऊन ‘वीस सात’ म्हणवून घ्या, मग ‘सत्तावीस’. दोन-तीन आठवडे दोन्ही नावं शेजारी ठेवली की ७२ लिहिणारी मुलं २७ लिहू लागतात.

तकली
पूल बांधण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या शेजारी झाला, त्याचा उल्लेख हवा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि पुढे सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. हस्तोद्योग हा वेगळा तास नव्हता, गणित-भूगोल त्यातूनच शिकवायचं होतं.

सूतकताईत गणित किती आहे बघा. ४ फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, ४ लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. गुंडीची लांबी २,५६० फूट. सुताचा अंक म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांची किती मापं बसतात तो आकडा. २० अंकाची आपली गुंडी साधारण २३ ग्रॅम भरते, १६ अंकाची साधारण २९. अंक वाढला की वजन घटतं. व्यस्त प्रमाण तराजूतच दिसतं, त्यासाठी ‘५ मजूर १२ दिवसांत’ची गरज नाही.

पुढे ते का ढासळलं? बहुतेक शाळांत सूत किती निघालं तेवढंच मोजलं गेलं, ‘का’ विचारणं सुटलं. आणि ज्या शिक्षकांना स्वतःला कातता येत नव्हतं, त्यांना त्यातलं गणित दिसणार कसं?

रोवणी
आपल्या भागासाठी एक विचार. थॉमस टालहेम यांनी २०१४ मध्ये चीनमधल्या विद्यार्थ्यांवर काम प्रसिद्ध केलं. ट्रेन, बस, रूळ यांतल्या कोणत्या दोन एकत्र? भात पिकवणाऱ्या प्रांतांतले विद्यार्थी ट्रेन-रूळ जास्त निवडत, गव्हाच्या प्रांतांतले ट्रेन-बस. त्यांचं कारण: भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं आणि लावणीला सगळ्यांचे हात लागतात, म्हणून नात्यांवर नजर राहते. नागपूर तर नेमकं सीमेवर. पूर्वेला भंडारा-गोंदियात धान, मालगुजारी तलावांचं वाटून घ्यायचं पाणी, पऱ्हे (धानाची रोपं) उपटून रोवणी. पश्चिमेला कापूस. आपल्याकडेही असाच फरक असेल का?

पेंच
प्रश्न सुंदर आहे, पण मोजल्याशिवाय बोलू नये. चीनमधले ते सगळे विद्यार्थी हान वंशाचे आणि महाविद्यालयीन होते, म्हणजे शिक्षणाचा फरक आधीच काढून टाकला होता. आपल्याकडे जिल्ह्याबरोबर भाषा, जात, आदिवासी-बिगरआदिवासी, शाळेची वर्षं सगळंच बदलतं. मोजायचं तर एकाच इयत्तेतली आणि आई-वडिलांचं शिक्षण सारखं असलेली मुलं दोन्हीकडून घ्यावी लागतील. नाहीतर ‘धानवाले असे, कापूसवाले तसे’ असा नवा शिक्का तयार होईल. जिल्ह्यांना शिक्के मारण्यात आपला वेळ आधीच बराच जातो.

कळमना
ताईंचा पहिला प्रश्न होता, शाळा नेमकं काय बदलते. त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत नेमकं उत्तर लायबेरियातल्या वाई लोकांकडून आलं. त्यांची स्वतःची लिपी आहे, ती शाळेत शिकवत नाहीत. नातेवाईक किंवा मित्राकडून शिकायची आणि पत्रं, हिशेब लिहायचे. शिवाय कुराण पठणातून अरबी आणि सरकारी शाळेत इंग्रजी. म्हणजे अक्षरओळख आणि शाळा वेगळ्या करून तपासता येत होत्या. सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकल कोल यांनी ते केलं, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. नुसतं लिहिता-वाचता येण्याने विचार करण्याची रीत सरसकट बदलली नाही. पत्रं लिहिणारे लोक न पाहिलेल्या माणसाला एखादा खेळ समजावून सांगण्यात सरस ठरले. कुराण पाठ करणारे क्रमाने वाढत जाणारी यादी लक्षात ठेवण्यात सरस ठरले. आणि ‘तुझं उत्तर असं का’ हे शब्दांत मांडण्यात शाळेत गेलेले सरस ठरले. ज्याचा सराव, त्याचीच वाढ.

म्हणून महालकर सरांच्या पद्धतीतलं ‘कारण…’ हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शाळेची खरी देणगी ते वाक्य आहे. तिफण म्हणणारं मूल ते वाक्य बोलतंय, म्हणजे ते शाळेचंच काम करतंय. बैल म्हणून कारण न सांगणाऱ्या मुलाकडे आपण जास्त लक्ष द्यायला हवं.

अंबाझरी
हे मला फार पटलं. वर्गचाचणीत कारणाला निम्मे गुण आणि प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं, ही रीत या सत्रापासून वापरते. दिशांसाठी खडूची आखणीही.

एक बारीक शंका राहिली. त्याच पेपरात घनाकृती रचलेल्या ठोकळ्यांचं चित्र देऊन ‘एकूण ठोकळे किती’ विचारतात. हुशार मुलंही फक्त दिसणारे मोजतात. हाही चित्र वाचण्याच्या सवयीचाच प्रश्न ना?

इतवारी
तोच. कागद सपाट असतो, तिरकी रेघ म्हणजे खोली, हा संकेत शिकावा लागतो. १९६० च्या सुमारास हडसन यांनी दक्षिण आफ्रिकेत शिकारी, हरीण आणि दूरवरचा हत्ती अशी चित्रं दाखवली होती. भाला कुणावर रोखलाय असं विचारल्यावर, चित्रांची सवय नसलेले कित्येक लोक कागदावर जवळ दिसणाऱ्या हत्तीकडे बोट दाखवत.

ठोकळ्यांसाठी ३ × ३ × ३ ने सुरुवात करू नका. तिथे एक सापळा आहे: दिसणारे चौकोन मोजले तरी २७ येतात आणि खरे ठोकळेही २७, त्यामुळे चुकीची रीत पकडलीच जात नाही. २ × २ × २ घ्या. दिसणारे चौकोन १२, दिसणारे ठोकळे ७, खरे ठोकळे ८. मुलाने कोणता आकडा सांगितला त्यावरून ते काय मोजतंय ते लगेच कळतं.

मग आठ सारख्या साबणवड्या किंवा काडेपेट्या देऊन तीच रचना हाताने करून घ्या, लपलेला ठोकळा काढून दाखवा आणि मुलाला स्वतः ते चित्र काढू द्या. चित्र काढलेलं मूल पुढे थरांनी मोजतं: खालचा थर किती, वरचा किती. जिन्यासारखी उतरती रचना त्यानंतर द्या, तिथे थर वेगवेगळे भरतात आणि दिसत नसलेला ठोकळा खाली आधार म्हणून असायलाच हवा, हे बोलून घ्यावं लागतं.